वगळलेली घरं

फुलपाड्याच्या मीराताईंना परक्या दारात उभं राहायची भीती कधी वाटली नाही. पंधरा वर्षं त्यांनी घरोघर जाऊन शिकवण्या घेतल्या होत्या. म्हणूनच साथ ओसरल्यावर एका संस्थेला पाहणीसाठी माणसं हवी आहेत असं कळलं, तेव्हा त्या लगेच तयार झाल्या.

काम ऐकायला सोपं होतं. साथीच्या आधी दर वर्षी वस्तीत किती माणसं जायची आणि साथीच्या दोन वर्षांत किती गेली, एवढंच विचारायचं. मृत्यूच्या दाखल्यावर आजाराचं नाव असो वा नसो. हीच पाहणी आणखी अकरा देशांत चालली होती. कुठे किती माणसं जास्तीची गेली, ते त्यावरून ताडून बघणार होते.

विचारणं मात्र जिवावर यायचं. गोखिवऱ्याच्या हरेश्वरकाकांनी दोनदा दार लावून घेतलं. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "म्हातारीच्या दाखल्यावर हार्ट लिवलाय. दवाखान्यात जागाच नव्हती, ते कोन लिवनार?"

"आमच्या कागदावर हंसाकाकू मोजल्या जातील, काका."

पाहणीवर देखरेख करणारा संस्थेचा धनेश तेव्हा शेजारीच बसला होता. पडताळणीसाठी निवडलेली वीस घरं त्याने ताईंबरोबर केली. लोकांनी दिलेला चहा प्यायला, एका घरातून तर डोळे पुसत बाहेर आला.

आकडे संस्थेच्या वरिष्ठांकडे गेले आणि विचारणा आली: सरकारी नोंदींच्या दुप्पट मृत्यू कसे? ऑनलाइन बैठकीत धनेशने घसा खाकरला. "मी प्रत्यक्ष गेलो नव्हतो, सर. ताईंनी काही फॉर्म घरी बसून भरले असतील."

मीराताईही त्या बैठकीत होत्या. बैठक संपल्यावर त्यांनी फोन लावला.

"तू माझ्यासोबत होतास, धनेश."

"समजून घ्या ना, ताई. माझं काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. तुम्हाला काय, शिकवण्या आहेत."

त्या पुन्हा वीसही घरी गेल्या. सतरा घरांनी 'धनेश आला होता' असं लिहून सह्या दिल्या. ते कागद संस्थेला पाठवले. महिन्याने दोन ओळींचं उत्तर आलं: अभ्यास पूर्ण झाला आहे, आभार. अहवालात देशादेशांची तुलना होती, आणि ताईंनी मोजलेली वस्ती तळटीपेत: 'माहिती विश्वासार्ह नसल्याने वगळली.'

हे सांगायला त्या स्वतः गेल्या. हरेश्वरकाका म्हणाले, "मंग आमची म्हातारी मेलीच नाय, असा म्हनतात काय ते?"

ताईंनी धनेशचं नाव घेतलं नाही. घेऊन काय उपयोग होता? बाकीच्या घरीही सांगून आल्या. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं.

परवा धनेशचा फोन आला. "ताई, नवी पाहणी आहे. लोक तुमच्याशीच मनापासून बोलतात."

ताईंनी फोन ठेवला. नाव दिसत असूनही आपण तो उचललाच का, याचा राग त्यांना दिवसभर पुरला.