चष्मेवाल्याची आठ सिलिंडरची गाडी

आमच्या शेजारचे चष्मेवाले भाऊ मुळातच भित्रे. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पुन्हा पुन्हा बघतील, गॅस बंद केला की नाही हे पाहायला अर्ध्या वाटेतून परत येतील. दुकानातून चष्मा घेऊन निघालेल्या प्रत्येकाला 'जपून हं' म्हणतील, म्हणून गल्लीतल्या मुलांनी त्यांचं नाव 'जपूनकाका' ठेवलं होतं. अशा माणसाने घरामागच्या शेडमध्ये राक्षस पाळलाय, हे मला कितीतरी दिवस खरं वाटलं नव्हतं.

राक्षस म्हणजे इंजिन. भंगारात मिळालेलं, फार जुनं, आठ सिलिंडरचं. दिवसभर काचा घासणारे भाऊ संध्याकाळी त्याचा एकेक भाग रॉकेलमध्ये धूत बसत. ते त्यांनी एका बुटक्या, दोन दारांच्या जुन्या गाडीत बसवलं. बॉनेट लावलंच नाही, कारण इंजिन त्यात मावत नव्हतं. ते पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा आमच्या कपाटातले कप खणखणले आणि भाऊ स्वतःच शेडबाहेर पळाले.

गाडी तयार झाली, पण शेडमधून हलेना. असल्या गाड्या बांधणाऱ्या हौशी मंडळींचा एक दंडक असतो: पहिली फेरी बांधणाऱ्यानेच मारायची. भाऊंना आज ढग दिसत, उद्या टायर मऊ वाटे. त्यांच्यातला वेल्डर एकदा वैतागून म्हणाला, "भाऊ, गाडी बांधलीत की घराला पोटमाळा काढलात?"

शेवटी वहिनीच पुढे झाल्या. पदर खोचून शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या.

"चला. इतकी वर्षं माझ्या साबणाने हिचं तेल धुतलं, आता मला फिरवा."

"अगं, तू उतर. आधी मी एकटा जाऊन येतो."

"एकटे तुम्ही फाटकापर्यंतही जायचे नाहीत."

ते खरंच होतं. भाऊंनी गाडी काढली.

पुढचं मला वहिनींनी दोनदा सांगितलं. भाऊंनी एकदाही नाही.

गावाबाहेरचा रस्ता सरळ, मोकळा, आणि शेवटी मोठ्या रस्त्याला मिळणारा. तिथून मालाचे ट्रक सतत जात असतात. भाऊ बैलगाडीच्या चालीने चालले होते. मागून एका स्कूटरवाल्याने हॉर्न देत त्यांना मागे टाकलं, तेव्हा वहिनी हसल्या. "अहो, जरा दाबा की!" भाऊंनी पाय दाबला. गाडी अशी उसळली की वहिनींचं डोकं मागे आपटलं. भाऊंनी घाबरून पाय उचलला. आवाज कमी झाला नाही. उलट वाढतच गेला. ॲक्सिलरेटरची तार कुठेतरी अडकली होती.

"अहो, पुरे! हळू!"

"माझा पाय वर आहे गं!"

वहिनींनी खाली पाहिलं. पाय खरोखरच वर होता आणि गाडी आपल्या मनाने पळत होती. भाऊंनी ब्रेक दाबला. ब्रेक त्या बुटक्या गाडीचेच होते, इंजिन मात्र दुसऱ्याच जातीचं. चाकांतून जळका वास आला, वेग तसाच राहिला. समोर ट्रक दिसू लागले.

"मग बंद करा ना!"

चालू-बंद करायचं बटण होतं. पण चोर गाडी नेतील या भीतीने भाऊंनी किल्लीची जागाच ठेवली नव्हती. बटण शेजारच्या सीटमागे, अस्तराखाली दडवलं होतं. शेडमध्ये त्यांनी ते रोज दाबून पाहिलं होतं, दाराशी उभं राहून, सीट रिकामी असताना. आजही वहिनी बसायच्या आधीच ते चालू करून ठेवलेलं होतं. त्या सीटवर कुणी बसलं तर हात तिथे पोचणार नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तुझ्या मागे! खाली! अस्तराच्या आत!"

वहिनी वळल्या. बोटं अस्तरावर नुसती घसरत राहिली. "कुठे? अहो, कुठे आहे?" पहिल्या ट्रकवरची अक्षरं आता वाचता येत होती.

मग भाऊ अगदी हळू म्हणाले, "राहू दे. घट्ट धरून बस." आणि त्यांनी क्लच दाबला.

यात काय होतं, ते वहिनींना नंतर वेल्डरने समजावलं. क्लच दाबला की चाकं इंजिनापासून सुटतात आणि ब्रेक लागतात. पण ओझं उतरलेलं, तार अडकलेलं इंजिन बेफाम फिरत सुटतं आणि थोड्या वेळात स्वतःलाच फोडून घेतं. भाऊंना हे पुरतं ठाऊक होतं. वहिनी म्हणतात, जनावर कापताना ओरडावं तसं ते ओरडत होतं, आणि भाऊ त्याच्याकडे बघत पाय दाबून होते. मग स्फोटासारखा आवाज झाला. काचेवर काळं तेल उडालं आणि पुढचं काही दिसेना.

गाडी थांबली ती मोठ्या रस्त्याच्या कडेला. एक ट्रक इतक्या जवळून गेला की गाडी हलली.

फुटलेल्या इंजिनातून तेल ठिबकत होतं. वहिनींनी विचारलं, "लागलं का कुठे?" भाऊंनी मान हलवली, पण ते समोरच बघत होते. दोन्ही पाय अजून तसेच दाबलेले, गुडघे लाकडासारखे ताठ.

"अहो, थांबली गाडी. सोडा आता."

"सुटत नाहीये," भाऊ म्हणाले.

वहिनी खाली वाकल्या. आधी ब्रेकवरचा पाय त्यांनी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला, मग क्लचवरचा.