सहा वकिलांची एकच स्पेलिंग मिस्टेक

मंगळवारी सकाळी ऑफिसात येऊन मेल उघडले. सहा वकिलांनी मुदतवाढ मागितली होती. वकील मुदतवाढ मागतात, त्यात नवीन काही नाही. पण सहाही जणांना नेमके तीनच आठवडे हवे होते आणि सहाही जणांचं कारण एकच होतं. ‘अनफोरसीन सर्कमस्टन्सेस.’ अनपेक्षित अडचणी.

ब्रसेल्स, मिलान, स्टॉकहोम, व्हिएन्ना, शिवाय आणखी दोन शहरं. सगळीकडे एकाच सकाळी अनपेक्षित अडचण आली होती. मी सहाही मेलचे प्रिंट काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडले. ‘अनफोरसीन’च्या स्पेलिंगमध्ये ‘आर’नंतर एक ‘ई’ असतो. सहाही मेलमध्ये तो नव्हता.

मी लीगल एडिटर आहे. दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका टॉवरच्या तेविसाव्या मजल्यावर बसून मी युरोपच्या कॉम्पिटिशन लॉची पुस्तकं तयार करते. हे सांगितलं की आमच्या श्रीवर्धनला लोक विचारतात, “म्हणजे स्पर्धा परीक्षांची का?” नाही. कॉम्पिटिशन लॉ म्हणजे धंद्यातल्या स्पर्धेचा कायदा. चार सिमेंटवाल्यांनी एकमेकांशी झुंजून गिऱ्हाईक मिळवावं, अशी कायद्याची अपेक्षा असते. त्यांनी गुपचूप भेटून एकच भाव ठरवला तर त्याला कार्टेल म्हणतात, आणि युरोपात त्याला जबर दंड होतो. पुस्तकं लिहितात तिकडचे मोठे वकील आणि प्रोफेसर. त्यांचं इंग्रजी, तळटिपा आणि खटल्यांचे नंबर तपासायचे, आणि पुस्तक वेळेवर प्रेसला धाडायचं, हे माझं काम.

आता मी ज्या पुस्तकाबद्दल सांगते आहे ते बाराशे पानांचं होतं आणि त्याचा विषय होता फक्त कार्टेल. सात लेखक, सात चॅप्टर. आमची कंपनी लंडनची. ही आवृत्ती तिने पहिल्यांदाच दुबईला दिली होती, ट्रायल म्हणून. महिनाअखेर फाइल प्रेसला गेली तर पुस्तक आमच्याकडे राहणार. नाही गेली तर ते लंडनला परत, आणि मग दुबईत एडिटोरियल डेस्क हवंच कशाला, असं कुणीतरी मीटिंगमध्ये विचारणार. डेस्क म्हणजे मी आणि बिजू. बिजू त्रिशूरचा, पानांची मांडणी करतो, आणि मला ‘चेची’ म्हणतो, म्हणजे मल्याळीत ताई. त्याची बायको गेल्याच महिन्यात व्हिसावर आली होती. पडदेही लावून झाले नव्हते त्यांचे.

मी सहा प्रिंट घेऊन ग्रॅहमच्या केबिनमध्ये गेले. ग्रॅहम आमचा बॉस. स्कॉटलंडचा, पण वीस वर्षं इथे आहे. तो चहात बिस्किट बुडवत होता.

“योगायोग असेल,” तो म्हणाला.

“सहा जणांचा?”

“परीक्षांचे पेपर असतील. सुट्ट्या असतील.”

“सहाही जणांना ‘ई’ची सुट्टी होती का?”

त्याने चष्मा लावून सहाही कागद वाचले. बिस्किट चहात पडलं.

“ओ डिअर,” तो म्हणाला. “नसरीन, म्हणजे यांनी आपसांत ठरवलं आहे?”

“कार्टेलवर पुस्तक लिहिणाऱ्यांनी कार्टेल केलं आहे.”

“लंडनला काय सांगू?”

“काही सांगू नका.”

“मी त्यांना सांगतो, फाइल वेळेवर येईल, इन्शाल्ला.” ग्रॅहमच्या तोंडी इन्शाल्लाचा अर्थ ‘येणार नाही’ असा असतो. आमच्या घरी तसा नसतो. पण त्या दिवशी मी वाद घातला नाही.

त्या संध्याकाळी इरफानला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, आणायला अल क्वोजला गेले. त्याची गाडी गॅरेजमध्ये होती. त्याचं तिथे टाइल्सचं वेअरहाऊस आहे. मागच्या सीटवर आमची झोया होती, दहावीतली, कानात इअरफोन. वाटेत मी त्याला सगळं सांगितलं. तो हसायलाच लागला.

“अगं, आमचे ट्रेलरवाले दर वर्षी हेच करतात. चौघं एकाच कॅफेटेरियात चहा पितात आणि दुसऱ्या दिवशी चौघांचा रेट सारखा.”

“मग तू काय करतोस?”

“चौघांनाही एकाच वेळी मेसेज टाकतो. अल ऐनच्या हॉस्पिटलचा माल जायचा आहे. जो पहिला खरा रेट देईल, महिनाभर त्याच्याच गाड्या. दहा मिनिटं लागत नाहीत. एकमेकांवर विश्वास नसतो त्यांचा.”

मागून झोया म्हणाली, “मम्मी, दॅट्स लिटरली युअर बुक.”

खरंच होतं. पुस्तकाचा चौथा चॅप्टरच त्यावर होता. त्याला लेनियन्सी म्हणतात. कार्टेलमधली जी कंपनी सगळ्यांत आधी येऊन कबूल करेल आणि पुरावा देईल, तिचा दंड पूर्ण माफ. दुसरीला थोडी सूट. शेवटचीला काही नाही. आपल्याकडच्या माफीच्या साक्षीदारासारखं, फक्त इथे शर्यत असते. पंधरा वर्षं मी हे वाचते आहे, आणि मला ते टाइल्सच्या व्यापाऱ्याने सांगावं लागलं.

प्रश्न एकच होता. माझ्या हातात दंड कुठला? हे लोक मानधनासाठी लिहीत नाहीत. लिहितात ते नावासाठी. दुसऱ्या दिवशी मी बिजूकडे गेले.

“बिजू, कव्हर पे सात नाम आते हैं क्या?”

“आता है चेची. फॉन्ट थोडा छोटा करेगा तो आता है.”

“और छोटा नहीं करेगा तो?”

“तो चार.”

“खलास. छोटा मत करना.”

गुरुवारी सकाळी अकराला, म्हणजे युरोपात नऊ वाजता, माणसं कॉफी घेऊन बसतात तेव्हा, मी सातही लेखकांना एकच पत्र पाठवलं. मजकूर असा : नव्या कव्हरवर चार नावांचीच जागा आहे. चॅप्टर ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने नावं लागतील. उरलेल्यांचा उल्लेख ‘आणि इतर’ असा होईल. तसंच, मंगळवारच्या मेलमागची हकिगत जे सर्वांत आधी कळवतील त्यांच्याबद्दल आमच्या मनात काही राहणार नाही. हे पत्र सातही जणांना याच क्षणी जात आहे.

पाठवलं आणि पाणी प्यायले. बिजू माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. ग्रॅहम काचेपलीकडून बघत होता.

अकरा वाजून सात मिनिटांनी स्टॉकहोमच्या लिंडक्विस्ट बाईंचा मेल आला. त्यांचा चॅप्टर सोबत जोडलेला होता, अगदी पूर्ण, तळटिपांसकट. ‘हा सहा आठवड्यांपासून तयार आहे,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘या प्रकाराला माझा पहिल्यापासून विरोध होता, याची नोंद घ्यावी.’ आणि खाली दुसरी फाइल. ती उघडली आणि मी ग्रॅहमला हाक मारली.

ती बैठकीची मिनिट्स होती. एका परिषदेच्या लंच ब्रेकमध्ये सहा जण भेटले होते. हजर कोण, सूचक कोण, अनुमोदक कोण, सगळं नोंदवलेलं. ठराव असा की एडिटर नेहमी ‘बाकीच्यांचे चॅप्टर आले, तुमचाच राहिला’ असं म्हणून एकेकाला छळते, तरी यापुढे कुणीही दुसऱ्याच्या आधी चॅप्टर देऊ नये. कुणीच दिला नाही तर कुणीच उशिरा ठरत नाही. सोबत मेलचा नमुना, तो गायब ‘ई’ तसाच. शेवटी टीप : ‘कृपया शब्द थोडे बदलून पाठवावे.’

या माणसांची अख्खी कारकीर्द क्लायंटना एकच गोष्ट सांगण्यात गेली होती. असलं काही कागदावर ठेवू नका. आणि त्यांनी स्वतः मिनिट्स ठेवली होती. ग्रॅहम इतका हसला की रिसेप्शनवरची मुलगी पाणी घेऊन आली.

अकरा वीसला फोन वाजला. प्रोफेसर व्हॅन डर म्यूलेन, घेंट. पुस्तकाचे मुख्य लेखक. लेनियन्सीचा चॅप्टर त्यांचाच. मिनिट्समध्ये सूचक म्हणून नावही त्यांचंच.

“मी पहिला आहे का?” नमस्कार वगैरे काही नाही.

“नाही, प्रोफेसर.”

“दुसरा?”

“मिलानचे कॉन्ती साहेब चार मिनिटांपूर्वी आले.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“कॉन्ती?” ते म्हणाले. “त्याने तर शपथ घेतली होती!”

“चॅप्टर पाठवताय ना?”

“पाठवतोय, पाठवतोय. पण मला सूट मिळेल ना? मी फक्त सुचवलं होतं. दबाव टाकला नव्हता.”

“तुमच्याच चॅप्टरमध्ये लिहिलंय. ज्याने इतरांना भाग पाडलं त्याला पूर्ण माफी नाही.”

“ते मागच्या आवृत्तीत फार ढोबळ लिहिलं गेलं,” प्रोफेसर म्हणाले. “या वेळी मी जरा मवाळ करतो.”

“एक शब्द बदललात तरी मला दिसेल,” मी म्हटलं. त्यांनी बदलला नाही.

संध्याकाळी पाचपर्यंत पाच चॅप्टर आले. व्हिएन्नाचे ब्रांडल शुक्रवारी दुपारी आले, सहावे आणि शेवटचे. दोन दिवस मी ऑफिसात हवेत चालत होते. बिजूने घरून केळ्याचे वेफर्स आणले. आणि मग सोमवारी लक्षात आलं, सातपैकी सहा.

सातवे मस्य, म्हणजे फ्रेंचमध्ये श्रीयुत, देलवो. निवृत्त सरकारी अधिकारी, वय ऐंशीच्या घरात. त्यांनी मंगळवारी मेलच केला नव्हता. मिनिट्समध्येही ते नव्हते. मी त्यांना प्रामाणिक समजून विसरूनच गेले होते. फोन केला.

“मादाम,” ते फार हळू म्हणाले, “माझ्याबद्दल गैरसमज नको. मी कुणाशीही संगनमत केलेलं नाही. मी खरोखरच काही लिहिलेलं नाही.”

बागेत पडून त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं. दोन महिने प्लास्टर. टाइप करता येईना, आणि सांगायची लाज वाटली. “इतक्या वर्षांत मी कधी तारीख चुकवली नाही,” ते म्हणाले. “तुम्ही माझं नाव काढून टाका. दुसऱ्या कुणाला द्या.”

माझा सगळा तोरा उतरला. कार्टेल फोडायला मला एक सकाळ लागली होती. या माणसापुढे कुठलीही युक्ती चालणार नव्हती, आणि चालवावीशीही वाटत नव्हती.

“तुम्ही बोलू शकता ना?” मी विचारलं.

“बोलणं? ते तर मला थांबवता येत नाही.”

मग रोज दुपारी एक ते तीन, नऊ दिवस, ते बोलले आणि मी टाइप केलं. कागद समोर नाही, काही नाही. खटल्याचं नाव, वर्ष, परिच्छेद, सगळं तोंडपाठ. मी मागाहून एकूण एक संदर्भ तपासला. एकच नंबर चुकला होता. सांगितल्यावर ते इतके खट्टू झाले की मला वाटलं, सांगायला नको होतं. चॅप्टर तपासायला मी प्रोफेसरांना दिला, दोन दिवसांची मुदत देऊन. त्यांनी एका दिवसात परत केला. कारण विचारलं नाही.

प्रेसला फाइल जायच्या आदल्या दिवशी ग्रॅहम माझ्या टेबलापाशी आला. हातात लेखकांचं अ‍ॅग्रीमेंट.

“नसरीन, अ बिट ऑफ अ सिच्युएशन. क्लॉज अकरा.”

मी वाचलं. कव्हरवर सर्व लेखकांची नावं, सारख्या आकारात, आडनावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने.

“म्हणजे मी जी धमकी दिली...”

“ती आपल्याला देताच येत नव्हती.”

मी बिजूकडे गेले. “फॉन्ट छोटा करो.”

“कितना, चेची?”

“सात नाम जितना.”

अक्षरक्रमाने सर्वांत वर आले ब्रांडल, जे सर्वांत शेवटी आले होते. त्यांनी कव्हर बघून आभाराचा मेल पाठवला, ‘तत्परतेची दखल घेतल्याबद्दल’. प्रोफेसर शेवटी. हॉलंडमध्ये त्यांचं नाव ‘एम’खाली लावतात, बेल्जियममध्ये ‘व्ही’खाली, आणि ते बेल्जियमचे. पहिल्या आलेल्या लिंडक्विस्ट बाई चौथ्या. त्यांनी एकच ओळ लिहिली, ‘पुढच्या वेळी मी गप्प बसेन.’ त्यांना प्रस्तावनेत आभाराचं एक वाक्य मिळवून द्यायला मला प्रोफेसरांशी दोन फोन करावे लागले.

फाइल वेळेवर गेली. पुस्तक आमच्याकडे राहिलं, डेस्क राहिलं, आणि बिजूकडे पडदे लागले.

युरोपातले सात नामांकित कायदेपंडित, त्यातल्या एकानेही स्वतः सही केलेलं अ‍ॅग्रीमेंट वाचलेलं नव्हतं, म्हणून मी वाचले. मीही वाचलेलं नव्हतं. आता वाचते, पहिल्या पानापासून. क्लॉज बारा असा आहे : लेखकाने मुदत चुकवल्यास प्रकाशकाला तो चॅप्टर दुसऱ्या कुणाकडून लिहून घेता येईल. एवढं एक वाक्य कळवलं असतं तरी सहाच्या सहा जण संध्याकाळपर्यंत आले असते. पान उलटायचाच काय तो प्रश्न होता.