मोटारीच्या टपावरचं ठिगळ

एरंडेलाचा वास आला की मला नळदुर्गची ती विलायती मोटार आठवते. ऐन पावसाळ्यात जहागीरदारांच्या त्या उघड्या मोटारीचा कापडी टप फाटला आणि ड्रायव्हर ती थेट आमच्या दारात घेऊन आला. माझे वडील विहिरीतून पाणी ओढायच्या चामडी मोटा शिवत. त्यांनी एरंडेल पाजलेल्या चामड्याचं ठिगळ दुहेरी टाक्यानं टपाला बसवलं. ड्रायव्हर म्हणाला, "मामा, ही मोट न्हाय, विलायती गाडी हाय. टप गळला तर माझी नोकरी गेली." वडील आईला म्हणाले, "जा, आत बस." आई कधीच मोटारीत बसली नव्हती, पदर सावरून, अंग चोरून बसली. वडिलांनी टपावर तीन घागरी ओतल्या. आई हसतच उतरली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "बघा दादा, कपाळाचं कुंकू बी भिजलं न्हाय!" परवा हैदराबादेत, मी शिकतो त्या कॉलेजसमोर, तीच मोटार दिसली; आता ती एका वकिलांची आहे. टप विटला होता, ठिगळ मात्र तसंच होतं. वडील काय करतात हे सांगायला मी तोवर कचरत होतो. त्या टाक्यांवर हात ठेवून कॉलेजच्या सोबत्यांना म्हणालो, "हे माझ्या वडिलांनी शिवलंय."