तलावातल्या सोन्याची पाठमोरी चित्रं

पेंटरच्या दुकानात रंगापेक्षा किस्सेच जास्त सांडलेले असतात. पुसायला जावं तर आणखी पसरतात. वडवणीत माझं दुकान आहे. पूर्वी हातानं बोर्ड रंगवायचो, आता फ्लेक्स छापतो. संध्याकाळी तिथं आमची चौकडी जमते: मूर्ती रंगवणारे बापू, ट्रक रंगवणारे नासिरभाई, शाळेतले ड्रॉइंगचे सर आणि मी. चहा आला की कुणीतरी त्या तलावाचा विषय काढतोच. आधी आम्ही पोट धरून हसतो. मग दत्तूचं नाव येतं आणि चहा तसाच निवून जातो.

*

झालं असं, की तेलगावच्या रस्त्याला एक तलाव आटला होता. गाळ काढताना एका बाईला सोन्याचा मणी सापडला. एकच! पण बघता बघता अख्खा तालुका टिकाव, घमेली आणि घरातल्या पिठाच्या चाळण्या घेऊन तलावात उतरला. निजामाच्या काळातला हंडा पुरलाय म्हणे! भज्यांचे गाडे लागले, रसवंती आली.

बापू म्हणाले, "चला, चित्रं काढू."

नासिरभाई वैतागले. "कावून बापू? सारी दुनिया सोनं हुडकायलीय, आन आपुन कागद काळे करायचे?"

"इतकी खुश माणसं पुन्हा कवा बघायला भेटतेत?" बापू म्हणाले. आम्ही कागद-रंग उचलून निघालो. कामधंदाही नव्हता म्हणा!

*

पहिल्याच दिवशी बापूंनी एका म्हाताऱ्याचा चेहरा काढला. इतका हुबेहूब, की म्हातारा टिकाव टाकून पळत आला.

"पेंटर, तोंड काढू नगा! गुप्तधन सरकारचं असतंय. उद्या चित्र बघून पोलीस दारात यायचे!"

झालं! सगळा तलाव ओरडायला लागला. शेवटी तह झाला. पाठ काढा, हात काढा, पाय काढा, पण तोंड काढायचं नाही. त्यामुळं आमच्या सगळ्या चित्रांत माणसं पाठमोरी आहेत.

पंचाईत झाली नासिरभाईंची. आयुष्यभर ट्रकच्या मागं फुलं आणि पक्षी काढलेला माणूस! त्यांनी खणणाऱ्यांच्या पाठी काढल्या आणि दोन्ही बाजूंना पिसारा फुलवलेले दोन मोर बसवले.

"अहो, तलावात मोर कुठं होते?" मी म्हणालो.

"नसू दे. बिना मोराचं चित्र लई उघडं दिसतं बे!"

*

आमचे सर म्हणजे अस्सलपणाचे भोक्ते. तलावाचं चित्र तलावाच्याच मातीनं रंगवायचं, असं त्यांनी ठरवलं. गाळ कालवला, त्यात जरा पिवळा रंग घातला. उन्हात तो कागद काय चमकला! शेजारच्या खड्ड्यातला एक जण मान वर करून बघत होता.

"सर, ही माती चाळलेली हाय का?"

सर "नाही" म्हणाले, हीच चूक! चार-पाच जणांनी चित्र उचललं, घमेल्यात बुडवलं आणि धोतराच्या फडक्यातून गाळून घेतलं. ब्रशचं पाणीसुद्धा सोडलं नाही. मग कोरा झालेला कागद सरांच्या हातात देऊन तो माणूस म्हणाला, "सर, रिकामं हाय तुमचं चित्र!"

शाळेतल्या कुठल्याही परीक्षकानं सरांना इतकं स्पष्ट सांगितलं नसेल.

*

आम्ही ज्या बाभळीखाली बसायचो, तिच्यासमोरच दत्तूचा खड्डा होता. दत्तू लग्नात बेंजो वाजवायचा. लगीनसराई संपली की घरी बसून. खणतानाही त्याच्या तोंडात वरातीची गाणी चालू असायची.

"बापू, पाठ बरी आली का माझी? डोक्यावर केस जरा दाट दाखवा!"

"सोनं घावलं तर काय करशील रे?" बापूंनी एकदा विचारलं.

"सवताचा बेंजो घेईन. आन घरी बसून बायकोला ऐकवीन. आजवर दुसऱ्याच्याच दारात वाजवलाय."

असा खुश माणूस मी बघितला नव्हता. त्याच आठवड्यात एका दुपारी खड्ड्याचा काठ खचला आणि तो आत गाडला गेला. आम्ही ब्रश टाकून हातांनी माती उपसली. नासिरभाईंची बोटं फुटली. दत्तूला बाहेर काढलं तेव्हा सगळं संपलेलं होतं. संध्याकाळपर्यंत तलाव ओस पडला. मणी पुन्हा कुणालाच सापडला नाही. मला अजून त्या तलावावरून जाववत नाही.

*

पुढं गणपती आले. एका मंडळाचा अध्यक्ष दुकानात येऊन म्हणाला, "यंदा तलावातल्या सोन्याचा देखावा करा. लायटिंगची नाणी लावू. आन एक माणूस ढिगाऱ्याखाली दाखवा, फकस्त हात वर. लई गर्दी व्हईल!"

बापूंचा आवाज कधी चढत नाही. त्या दिवशी चढला.

"गर्दी पायजे तर तू जाऊन झोप ढिगाऱ्याखाली! मी हात रंगवून देतो!"

अध्यक्ष गेला. बापू कितीतरी वेळ कोरडाच ब्रश पुसत बसले होते.

*

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा दत्तूची बायको सरूबाई दुकानात आली. भिंतीवर लावायला तिला दत्तूचा फोटो हवा होता. घरात होता तो फक्त आधार कार्डावरचा. मी तो मोठा करून दिला. दुसऱ्या दिवशी ती परत घेऊन आली.

"ह्यो भ्यालेला हाय दादा. ते तलावात लई खुश व्हते. घरी येऊन गाणं म्हणायचे. तुमी तिथं व्हते ना? तसे काढून द्या."

बापूंनी तिला समोर बसवून, विचारत विचारत चेहरा काढला. नाक जमलं, डोळे जमले. तिनं बराच वेळ बघितलं.

"मानूस चांगला हाय बापू. पर आमचा न्हाई."

बापूंनी पुन्हा काढला, पुन्हा फाडला. शेवटी हात जोडून म्हणाले, "पोरी, खणता खणताच बोलायचा तो. आमी फकस्त पाठच बघितली गं." आणि त्यांनी तलावातलं ते चित्र तिच्यापुढं ठेवलं. बाभळीची सावली, वाकलेला दत्तू, मानेवर घाम. बापूंनी केसही दाट दाखवले होते. ती ते पदराखाली धरून घेऊन गेली.

वर्षश्राद्धाला आम्ही चौघेही गेलो. भिंतीवर तेच चित्र, त्याला झेंडूचा हार. भावकी कुजबुजत होती, "असा फोटू असतोय व्हय कुठं?" महाराजांनी गंधात बोट बुडवलं, चित्राजवळ नेलं आणि तिथंच थांबले. कपाळ होतंच कुठं? त्यांनी बापूंकडं बघितलं. बापूंनी मान खाली घातली.

सरूबाई पुढं झाली.

"राहू द्या महाराज," ती म्हणाली. "कामात हायेत ते. वळून बघितलं की लावू."