शनिवारचा पाव्हणा

नोकरीत किती चोर धरले आणि किती हातावर तुरी देऊन गेले, त्यातलं निम्मं आता आठवत नाही. पण संत्र्याच्या बागेतला तो एक शनिवार-रविवार विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. नावं मात्र सांगणार नाही. ज्यांची होती त्यांनी पुरेसं सोसलं आहे, आणि काम झालं की तोंड बंद, ही आमच्या खात्याची जुनी सवय अजून सुटलेली नाही.

तेव्हा मी भिवापूरकडच्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. मिरचीचा मुलूख. सुगीत मिरच्या वाळत घातल्या की ठसका थेट ठाण्यात यायचा, आणि आरोपी काय, शिपाई काय, सगळे सारखेच शिंकायचे. एका सकाळी हजेरी चालू असताना एक शेतकरी आला. पागोटं हातात धरून म्हणाला, "साहेब, माह्या भावाले ज्यानं मारलं तो बुडाला नाही. जिता हाय तो. म्या पाह्यला."

प्रकरण जुनं होतं, माझ्या आधीच्या ठाणेदाराच्या वेळचं. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन चुलत घरांत भांडण पेटलं, रागाच्या भरात एकानं बैलबंडीची उभारी, कडेचा जाड दांडा, उपसून दुसऱ्याच्या डोक्यात घातली. मार खाणारा मेला आणि मारणारा पळाला. पुढं नदीकाठी त्याचं धोतर आणि जोडे सापडले. बुडून मेला, असं गावानं ठरवलं, बायकोनं बांगड्या फोडल्या आणि ती नागपूरच्या पलीकडं, काटोल लाइनीवर, आपल्या वारलेल्या बापाच्या संत्र्याच्या बागेत राहायला गेली. प्रेत मिळालं नव्हतं म्हणून वॉरंट तेवढं जिवंत राहिलं.

"चेहरा पाह्यला का?" मी विचारलं.

"चेहरा नाही. त्याच्या बायकोच्या बागेच्या टेसनावर शनिवारच्या गाडीतून उतरून चालला होता, पाठमोरा. पण त्याची चाल मले समजत नाही काय? एका आवारात वाढलो आमी."

नुसत्या चालीवर धाड घालता येत नाही. नागपूरला सर्कल इन्स्पेक्टर साहेबांकडं गेलो. ते म्हणाले, "त्या बाईनं बागेत पाव्हणे ठेवायला सुरुवात केली आहे. शहरातले बाबू लोक हवापालटाला शनिवारी जातात, सोमवारी परततात. तू पण जा. पण एकटा नको, घरचीला घेऊन जा. बायको बरोबर असली की पोलीस कुणी समजत नाही."

घरी मी एवढंच म्हणालो, "चल, दोन दिवस बागेत राहून येऊ." आमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि मी तिला जत्रेपलीकडं कुठं नेलं नव्हतं. ती आधी म्हणाली, "बरं वाटतंय ना तुम्हाला?" मग तिची जी धांदल उडाली! ठेवणीतलं लुगडं काढलं, शेजारणींना सांगून आली, दोनदा वेणी घातली. खरं कारण मी सांगितलं नाही. तपासातली गोष्ट घरात बोलायची नाही, हा माझा नियम होता आणि आजही मला तो बरोबरच वाटतो.

स्टेशनवर बागेची दमणी, हलकी बैलगाडी, आली होती. तिच्यात आमच्याबरोबर आणखी दोन पाव्हणे बसले. एक विम्याचा एजंट, लांबोडका, बोलका. दुसरा लाकडाच्या वखारीतला बाबू, चष्मेवाला, गप्प. दोघांचं वय फरारीच्या वयाशी जुळत होतं, उंचीही जुळत होती. फोटो नव्हताच, खेड्यातल्या माणसाचा कुठून असणार?

बाग मात्र पाहत राहावी अशी. आंबिया बहाराची फळं पिकली होती, झाडं ओझ्यानं वाकली होती. मधोमध शेणानं सारवलेलं कौलारू घर, बाहेर ओसरीवर पुरुष पाव्हण्यांच्या खाटा, आणि आम्हा नवराबायकोला आतली खोली. घरधनीण पस्तिशीतली असेल. कपाळ पांढरं, हात मोकळे, आवाज मात्र खणखणीत. आमच्या हिला पाहताच म्हणाली, "ये वं बाई, घर समजून राह्य. लाजू नको, भाकर मागून घे."

रविवारी सकाळी न्याहारीला गरम भाकर, वांग्याचं भरीत, ठेचा आणि दही. ही चुलीपाशी त्या बाईला भाकरी थापून देत होती आणि दोघी हसत होत्या. मी ओसरीवर माझं काम सुरू केलं. चौकशी म्हणजे दर वेळी टेबल आणि दरडावणं लागतं असं नाही. संत्रं सोलत सोलत माणसाला बोलतं करता येतं.

एजंटाला विचारलं, सासुरवाडी कुठली? म्हणाला, उमरेड. घटकाभरानं म्हणाला, वर्धा. घरी काय सांगून आलात, तर म्हणाला, कामठीला गेलोय म्हणून. माझे कान टवकारले. बाबूला विचारलं तर तो मोजकं बोलला, आणि जे बोलला ते सगळं जुळत होतं. माझा अनुभव असा की खोटं बोलणारा फार बोलतो. मी मनाशी म्हटलं, एजंटच तो. दुपारपर्यंत माझी खात्री झाली होती. पुढं कळलं की त्या बिचाऱ्याच्या घरी सासू मुक्कामाला आली होती, म्हणून तो पळून आला होता!

दुपारची जेवणं झाली. आम्ही झाडाखाली चटई टाकली. ही शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "अहो, एक सांगू? मला काही सुचेनासं झालंय."

"काय झालं?"

"तुम्हा पुरुषांची पानं झाली. आम्ही दोघी मागून बसणार होतो. तिनं तुमचं आणि त्या एजंटाचं ताट घासायला बाहेर ठेवलं. पण बाबूचं ताट नाही ठेवलं. त्याच ताटात स्वतःला वाढून घेतलं हो. उष्ट्या ताटात! मी बघतेय म्हटल्यावर दचकली आणि ताट लुगड्याआड केलं. परक्या माणसाच्या उष्ट्यात कोणती बाई जेवेल? आणि ती तर विधवा."

मी हातातलं संत्रं खाली ठेवलं. आमच्याकडं नवऱ्याच्या मागून त्याच ताटात बायकोनं जेवायचं, ही घरोघरची रीत. आमची हीसुद्धा घरी तशीच जेवायची. त्या बाईनं कपाळ पुसलं, बांगड्या फोडल्या, भावकी दुसरा पाट लाव म्हणून मागं लागली तेव्हा शिव्या खाल्ल्या, इतकी वर्षं सगळ्या जगाला फसवलं. पण हातची रीत तिला सोडवली नाही. आणि मग बाकीचं आपोआप उलगडलं. विधवेच्या घरी एक पुरुष दर शनिवारी आला तर गाव जीव घेईल. दहा पाव्हणे येऊ लागले की त्यातला एक कुणाला दिसतो? तिनं पाव्हणे ठेवले ते नवऱ्याला पाव्हणा म्हणून घरात घेता यावं म्हणून.

हिनं माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं. पोलिसाची बायको, तिला सांगावं लागत नाही. "म्हणजे आपण यासाठी आलो होय?" एवढंच म्हणाली. वेणीतलं फूल काढून तिनं चटईवर ठेवलं. मग म्हणाली, "तो कुठं पळणार नाही ना? मग उद्या धरा. आजचा दिवस राहू द्या."

मी हिशेब केला. परतीची गाडी सोमवारीच होती, स्टेशनवर साध्या वेशात माझे शिपाई होते. मी "बरं" म्हणालो. तिच्यावर उपकार म्हणून नव्हे. एकट्यानं धरण्यापेक्षा पंच आणि शिपाई हाताशी असताना धरणं कधीही चांगलं. पण खरं सांगायचं तर तिच्या आवाजानं मी थोडा हललो होतो.

त्या संध्याकाळी ओसरीवर सगळे बसले. एजंटानं गमती सांगितल्या. बाई दारात उभी राहून ऐकत होती आणि बाबू तिच्याकडं एकदाही पाहत नव्हता. माझ्या शेजारी आमची ही होती. खोटं नाही सांगत, केस विसरून मी काही वेळ नुसता तिथं बसलो. थंडी, संत्र्याचा वास, आणि तिचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला.

सोमवारी सकाळी निरोप धाडून गावच्या मुकद्दमाला आणि कोतवालाला पंच म्हणून बोलावलं, शिपाई आले. अंगणात फळं तोडायला आलेल्या मजूर बाया जमल्या होत्या. मी बाबूसमोर उभा राहिलो, म्हणालो, "चष्मा काढा, आणि खरं नाव सांगा." त्यानं चष्मा काढला, काचा साध्याच होत्या, आणि त्यानं नाव सांगितलं. एकही शब्द जास्त नाही. शिपायानं बेडी घातली.

बाई ओरडली नाही, रडली नाही. वळली आणि घरात गेली. मला धास्ती वाटली, अशा वेळी बाया विहीर जवळ करतात. मी हिला मागं पाठवलं. मुकद्दमासमोर पंचनामा लिहून होतो न होतो तोच दोघी बाहेर आल्या. त्या बाईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. आमच्या हिनं आपल्या करंड्यातलं लावलं होतं.

एक म्हातारी मजुरीण किंचाळली, "अवं, हे काय करून राहिली वं? रांडमुंड बाई तू!"

"कोण रांडमुंड?" बाई अंगणाच्या मधोमध येऊन म्हणाली. "माहा धनी जिता हाय. हे उभे हायेत. सगळ्याइनं डोये भरून पाहून घ्या!" मग माझ्याकडं वळली. "साहेब, तुमी त्याइले नेऊन राहिले, तं न्या. त्याइच्या हातानं पाप झालं, मले का ठाऊक नाही? पण आजपासून मले कपाळ पुसा लागत नाही. रोज सकाळी मी एका जित्या माणसाले मारत होती."

माझे शिपाई जमिनीकडं पाहू लागले. मीसुद्धा.

ठाण्यात त्याचा जबाब घेतला. धुऱ्याचं भांडण, उभारी, नदी, सगळं त्यानं सरळ कबूल केलं. शेवटी मी विचारलं, "आमच्यावर संशय कधीच आला नाही?"

"शनिवारीच समजलं, साहेब. तुमचे जोडे सरकारी होते."

मी खाली पाहिलं. होतेच. धोतर-कोटाचा साधा वेश, आणि पायात खात्याचे जोडे! "मग रातोरात पळाला का नाहीस? नुसतं शेत ओलांडायचं होतं."

"दोन दिस होते ना हातात. ते काहून सोडू?" तो म्हणाला. "तिले सांगितलं बी नाही. तिचा रविवार काहून खराब करू?"

मी जबाबात हे लिहिलं नाही. कायद्याला त्याचा उपयोग नव्हता.

भांडण अचानक पेटलं होतं म्हणून कोर्टानं खून धरला नाही, पण सजा झालीच. ती बाई भेटीच्या दिवशी नागपूरच्या जेलच्या फाटकाबाहेर टोपलीत संत्री घेऊन बसायची, ठसठशीत कुंकू लावून. मला पाहिलं की उठायची आणि विचारायची, "माही बाई बरी हाय ना?" माझी बायको तिची बाई, म्हणजे बहीणच, झाली होती.

आमची ही त्या प्रकरणावर पुन्हा बोलली नाही. रागही धरला नाही. फक्त एकदा म्हणाली, "पुन्हा जाऊ या का हो तिकडं? नुसतंच." मी म्हटलं, जाऊ. मग बदल्या झाल्या, मुलींची लग्नं झाली, आणि मग तिचं आजारपण आलं आणि ते तिला घेऊनच गेलं.

लोक विचारतात, खात्यानं काय शिकवलं? एवढं शिकवलं की माणूस भीतीनं लांब पळतो, आणि धरला जातो तो घराच्या ओढीनं. म्हणून फरारीच्या मागं धावू नये, त्याच्या घरी जाऊन थांबावं. नव्या पोरांना मी हेच सांगत आलो. ऐकून ते माना डोलावतात. वाक्य किती जड आहे ते त्यांना कळत नाही, कळूही नये.

मागच्या हिवाळ्यात बागेतून एक गाडीवान संत्र्यांची टोपली आणि निरोप घेऊन आला. धनी सुटून घरी आला आहे. बाई आता पाव्हणे ठेवत नाही, घराला त्याची गरज उरली नाही. पण साहेब आणि बाई, तुम्ही दोघं या. शनिवारी या, सोमवारी जा.

दोघं या म्हणाली. आमची ही गेल्याचं तिला कुणी सांगितलेलं नाही. गाडीवानाला मी "बघू" म्हणालो आणि आत येऊन बसलो. हिच्या शेजारी चटईवर बसायचा तसा एक रविवार मला कुणी परत दिला, तर सोमवारी सकाळी मी आपणहून हात पुढं करीन आणि म्हणेन, घाल बाबा बेडी.