रुमालाखालचा भाव

माझा थोरला भाऊ कमलाकांत जन्माचा भित्रा. मांजर आडवं गेलं तरी घरी परतायचा. अमरावतीच्या एका कॉलेजात गणित शिकवायचा आणि एकसष्ट साली संशोधनाला विषय घेतला तो अकोल्याच्या कापूस बाजाराचा! तिथे दलाल हातावर रुमाल टाकून, आत बोटं दाबून भाव ठरवत. बाहेरच्या माणसाला हे गुपित फोडता येतं का, हा दादाचा प्रश्न.

सुट्टीत आम्ही दोघं मामाकडे अकोल्याला गेलो. दादा रोज बाजारात उभा राहायचा. हात दिसत नसत, पण सौद्यानंतर कोण कुणाकडे वळतो, कोण घाई करतो, हे सगळ्यांचं मिळून मांडलं की भाव निघतो, हे त्याने शोधलं. "कुंदा, एकटा गुपित राखतो, दहा जण मिळून सांगून टाकतात," तो म्हणायचा.

एका दुपारी उत्तर सापडलं आणि वर्गात सांगावं तसा तो मोठ्याने भाव बोलून बसला. खुशालराव दलाल गर्रकन वळला. दादा घाबरून गर्दीत मागे सरला. पुढे उभा असलेला, कापूस तोलणारा धर्मपाल मापारी सापडला. भाव कुणी फोडला ते सांगेपर्यंत सोडायचं नाही, म्हणून त्याला गोदामात कोंडलं.

मामांकडून हे कळलं तेव्हा दादाच्या हातातला घास तसाच राहिला.

"मला मारतील गं."

"आणि त्याला?" मी म्हटलं. मला त्याचा रागच आला होता.

तो निघाला; मीही सोबत गेले. मला बाजाराच्या फाटकाशी, कापूस निवडणाऱ्या बायांत उभं केलं. मग पुढे जाऊन, भाव मीच बोललो, असं त्याने सांगितलं.

"कोनी सांगतलं तुमाले, मास्तर?" खुशालरावाने विचारलं.

"कुणी नाही. मी काढला."

"मंग आता काढून दाखवा."

पुन्हा रुमाल पडले. दादा बघत राहिला. मग कोरड्या ओठांनी त्याने भाव सांगितला. तो बरोबर निघाला. गोदामाचं दार उघडलं; ओठ सुजलेला धर्मपाल कुणाकडे न बघता निघून गेला.

खुशालरावाने दादासाठी चहा मागवला. अगदी गोड आवाजात म्हणाला, "इतकी अक्कल बरी नाही, मास्तर. घरी कोन कोन हाये?" मग त्याची नजर फाटकाकडे आली. "ते पोरगी तुमच्यासंगं आली का?"

दादाने माझ्याकडे नीट पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "मी ओळखत नाही तिला."

आणि माझ्या शेजारून, मान न वळवता, एकटा स्टेशनाकडे चालू लागला.