आतोबांच्या चतुःसीमा

माणसाला घराबाहेर काढावं तर आमच्या आतोबांनीच, असं मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. निजामाच्या अमलात, कागदावर उस्मानाबाद आणि आमच्या तोंडी धाराशिव असलेल्या गावात ते वकिली करत. गावाबाहेरच्या जिनिंग कंपनीच्या वीसेक भाड्याच्या खोल्या होत्या, आणि त्या रिकाम्या करून घ्यायचं काम आतोबांकडे होतं. एकही दावा ते हरले नव्हते. यातली मेख अशी, की नोटीस धाडण्याआधी ते स्वतः गावभर हिंडून भाडेकरूसाठी दुसरी खोली शोधत. विहीर जवळ आहे का, छत गळतं का, सगळं बघत. मग उर्दूत अशी कडक नोटीस लिहीत, की वाचणाऱ्याला घाम फुटावा. आणि तो घाबरून आला, की चहा पाजून त्याच्या हातात नव्या खोलीची किल्ली देत. आत्या म्हणायची, "ह्यांना वकील म्हणावं का दलाल?"

त्यांचं खरं वेड चतुःसीमांचं. दाव्यात जागेच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहावं लागतं. इतर वकील ते बसल्या जागी लिहीत. आतोबा शेरवानी आणि रुमी टोपी घालून भर उन्हात जागेभोवती फिरत, वाटेत बाभळ दिसली तरी तिची नोंद करत. हे वेड घरीही सुटत नसे. वाढायला उशीर झाला की ते गंभीरपणे म्हणत, "पानाच्या पूर्वेस भाकरी, दक्षिणेस ठेचा, पश्चिमेस सरकारी पडीक जमीन." आत्या मुकाट्यानं पश्चिमेला वरण वाढायची.

कंपनीची शेवटची खोली शिवणकाम करणाऱ्या हसनभाईंची होती. तिथं कापसाच्या गाठींसाठी गोदाम बांधायचं होतं. खोली रिकामी करण्याची कोर्टाची डिक्री झाली होती, आतोबांनी दुसरी खोलीही शोधली होती. हसनभाईंचं मागणं एकच. त्यांची बायको त्या खोलीत वारली होती. थोरल्या पोरीची पाठवणी त्याच दारातून व्हावी. "निकाहच्या दुसऱ्या दिवशी किल्ली देतो, वकीलसाहेब." आतोबांनी शब्द दिला. पण कंपनीच्या मॅनेजरला दम कुठला निघायला! त्यानं आतोबांना न विचारता ताब्यासाठी नेमका लग्नाचाच दिवस घेतला.

त्या दिवशी आम्ही मांडवात बसलो होतो. तेर-वाशीचे पाहुणे आले होते, देगी चुलीवर चढल्या होत्या, आणि ताबा घेऊन देणाऱ्या कोर्टाच्या अमीनाला घेऊन मॅनेजर दारात हजर! आतलं बायकांचं गाणं थांबलं.

आतोबा उठले. टोपी नीट केली. "अमीनसाहेब, डिक्रीतल्या चतुःसीमा मोठ्यानं वाचा."

अमीन वाचू लागले. "शुमाल में खुला सहन." म्हणजे उत्तरेला मोकळं अंगण.

आतोबांनी वर बोट दाखवलं. "हे काय हाय?"

"मंडवा."

"मांडवाला छप्पर हाय. छपराखालचं अंगण मोकळं कसं? डिक्रीतली जागा ही न्हायच."

"वकीलसाब, ये तो कल उखड जाएगा!"

"मग उद्या या."

मॅनेजर ओरडला, "तुम्ही आमचे वकील का त्यांचे?"

"तुमचाच की! चुकीच्या जागेचा ताबा घेतला तर हे उद्या अपील करतील. माझ्या अशिलाचं नुकसान मी कसं होऊ देऊ?"

अमीनसाहेबांना हे इतकं पटलं, की त्यांनी तसा शेरा मारला आणि देगींच्या जवळच बसकण मारली. मांडवात एकच जल्लोष झाला. पाहुण्यांनी आतोबांना खांद्यावर घेतलं. स्वतःच्याच अशिलाला हरवून खांद्यावर बसलेला दुसरा वकील मी पाहिला नाही. शेवटी मॅनेजरही जेवला, आणि दोनदा मागून घेतलं, हे मी मुद्दाम सांगतो. दिवस मावळायच्या आत नवरी त्याच दारातून निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव उतरला. आतोबांबरोबर मीही गेलो होतो. हसनभाईंनी खोली झाडून, सारवून ठेवली होती. किल्ली आतोबांच्या हातावर ठेवत ते म्हणाले, "पोरगी तिच्या मायच्या दारातून गेली, वकीलसाहेब. आता घर गेलं तरी काय न्हाय."

आतोबांनी किल्ली शेरवानीच्या खिशात ठेवली. परतताना भेटेल तो त्यांची पाठ थोपटत होता. मला त्यांचा फार अभिमान वाटत होता, आणि त्या ओल्या सारवणाचं वाईटही वाटत होतं. आठ दिवसांत ती खोली पाडली. एवढ्या खोल्या आतोबांनी रिकाम्या केल्या, पण त्या रस्त्यानं ते पुन्हा कधी गेले नाहीत.